पोलिस ठाण्याच्या अलीकडे एक दार हवं

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कुठे घातपात झाला, कुणी गर्दीत गाडी घातली, कुणी प्रार्थनास्थळात गोळीबार केला, की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य हमखास असतं: 'घरच्यांना याची काहीच कल्पना नव्हती.' काही घरांबाबत ते खरंही असेल. पण मी गेली बरीच वर्षं किशोरवयीन मुलांचं आणि त्यांच्या पालकांचं समुपदेशन करते आहे आणि माझा अनुभव वेगळा आहे. घरच्यांना कल्पना असते. पूर्ण नसते, चार लोकांत मांडता येईल इतकी स्पष्ट नसते, पण पोरगं कुणाच्या तरी नादी लागलंय, हे आईला, बहिणीला, शेजारच्या बाकावरच्या मित्राला कळलेलं असतं. हे घेऊन आता जायचं कुणाकडे, तेवढं मात्र त्यांना कळत नाही.

हा नुसता माझा अनुभव नाही. पॉल गिल, जॉन होर्गन आणि पेज डेकर्ट या अभ्यासकांनी २०१४ मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या ११९ एकट्याने कारवाया करणाऱ्या अतिरेक्यांच्या नोंदी तपासल्या. 'एकटा लांडगा' म्हणून वर्तमानपत्रं ज्यांचं वर्णन करतात, ते हे लोक. त्यातल्या सुमारे ६४ टक्के प्रकरणांत हिंसेचा इरादा घरच्यांना किंवा मित्रांना ठाऊक होता, कारण त्या माणसाने तो स्वतःच्या तोंडाने सांगितला होता. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने तिथल्या शिक्षण खात्याबरोबर शाळांवरच्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास केला होता, त्याचा अहवाल २००२ मध्ये आला. तिथे ८१ टक्के घटनांत निदान एका व्यक्तीला आधी माहिती होती, आणि ती व्यक्ती बहुतेक वेळा मित्र, वर्गसोबती किंवा भावंडं होती. शाळेवरचा हल्ला आणि विचारसरणीच्या नावाने केलेला हल्ला या एकच गोष्टी नव्हेत, हे मला मान्य आहे. तरी एक धागा दोन्हीकडे सारखा आहे. सांगितलं जातं. ऐकणारा पुढे काय करायचं, ते न कळून गप्प बसतो.

का गप्प बसतो, ते एका आईकडे बघून मला सर्वांत नीट कळलं. तिच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

ती आली तेव्हा हातात एका जुन्या बिलाची घडी होती. मागच्या कोऱ्या बाजूवर तिने मुलाच्या तोंडची वाक्यं लिहून आणली होती, तारखांशिवाय, जशी आठवली तशी. 'यांना समजावून उपयोग नाही.' 'तुम्ही लोक झोपलेले आहात.' 'वेळ आली की कळेल कोण कुणाचं.' मुलगा सोळा वर्षांचा. ती म्हणाली, "मॅडम, ही वाक्यं त्याची नाहीत. तो असं बोलतच नाही. कुणीतरी त्याच्या तोंडात घातलीयेत." मग म्हणाली, "आधी तो चिडायचा, आदळआपट करायचा. आता चिडत नाही. शांत झालाय. मला त्या शांतपणाचीच भीती वाटते." त्याने गाणी ऐकणं बंद केलं होतं. आवडीच्या वस्तू एकेक करून धाकट्या चुलतभावाला देऊन टाकल्या होत्या. बहिणीच्या मैत्रिणी घरी आल्या की खोलीचं दार लावून घ्यायचा, कारण त्यातली एक 'त्यांच्यातली' होती. ती मुलगी पहिलीपासून या घरात येत होती.

मी विचारलं, हे अजून कुणाला सांगितलंत? तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. "ते त्याला मारतील, नाहीतर सरळ पोलिसांकडे नेतील. आणि पोलिसांकडे एकदा नाव गेलं की माझ्या मुलाचं आयुष्य संपलं." मग बराच वेळ काही बोलली नाही. नंतर विचारलं, "पण मी गप्प बसले आणि उद्या त्याने काही केलं तर?"

प्रश्न एवढाच आहे, संपादक महाशय. एका बाजूला गप्प बसणं, दुसऱ्या बाजूला पोलिस ठाणं, आणि मध्ये काहीच नाही. ज्या वयात मुलगा अजून परत फिरू शकतो, नेमक्या त्या काळात त्याच्या आईला बोलायला जागा नाही.

तो मुलगा कुठल्या धर्माचा, कुठल्या विचाराचा, कुणाविरुद्ध पेटलेला होता, हे मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर निम्म्या वाचकांना हायसं वाटेल की हा आपल्यातला नव्हे, आणि उरलेल्यांना राग येईल की आमचंच नाव का घेतलं. मी वेगवेगळ्या बाजूंची मुलं पाहिली आहेत. शत्रूचं नाव बदलतं, घोषणा बदलतात, पवित्र मानलेला ग्रंथ किंवा नेता बदलतो. मुलगा घरापासून तुटत जातो, ती पद्धत मात्र सगळीकडे जवळपास तीच असते.

आणि त्या पद्धतीत विचारसरणी सहसा उशिरा येते. या मुलाला सुरुवातीला कुणी काही शिकवलं नव्हतं. शाळेत त्याची भर वर्गात टवाळी झाली होती, तिचा व्हिडिओ फिरला होता आणि मोठ्यांनी 'मुलांची मस्करी' म्हणून विषय मिटवला होता. त्याच दिवसांत एका ऑनलाइन गेमच्या गप्पांत त्याला एक 'दादा' भेटला. हा दादा रात्री दोनलाही उत्तर द्यायचा. आधी त्याने सगळं ऐकून घेतलं. मग 'तुझ्यावर अन्याय झाला' म्हणाला, जे तोवर कुणीच म्हटलं नव्हतं. मग 'तुझ्यासारख्या सगळ्यांवरच होतोय' म्हणाला. आणि मग त्याला काम दिलं. मुलाचा हात चित्रांत चांगला होता, त्याला गटाची पोस्टरं करायला सांगितली. पुढे कधीतरी तो मला म्हणाला, "तिथे माझ्यावाचून काम अडायचं." त्या वाक्यात मला सगळं प्रकरण दिसलं. घरी, वर्गात, शिकवणीत कुठेच त्याच्यावाचून काही अडत नव्हतं.

एरी क्रुग्लान्स्की या मानसशास्त्रज्ञाने हिंसक अतिरेकाकडे जाणाऱ्या माणसांचा अभ्यास करून हीच गोष्ट मांडली आहे. आपल्या असण्याला काही किंमत आहे, असं वाटण्याची भूक प्रत्येकाला असते. अपमान झाला, काही हिरावलं गेलं, की ती भूक खवळते. अशा वेळी भेटलेली गोष्ट सांगते की किंमत हिंसेतून मिळेल, आणि भोवतालचा गट त्यावर शिक्कामोर्तब करतो. तिन्ही एकत्र आलं की माणूस वाहत जातो. म्हणूनच नुसत्या विचारांशी वाद घालून फारसं हाती लागत नाही. वादात तुम्ही जिंकलात तरी त्या मुलाच्या हातचं काम आणि रात्री दोनला उत्तर देणारा दादा तुम्ही काढून घेता, आणि बदल्यात काहीच देत नाही.

या मुलाच्या बाबतीत खरं काम त्याच्या मामाने केलं. मी फक्त मामाशी बोलत राहिले. मामाचा स्वभाव वाद घालण्याचा नव्हता, ही मोठीच जमेची बाजू. तो मुलाला आपल्या कामावर घेऊन जायचा, खरीखुरी चित्रं करून घ्यायचा, त्याचे पैसे द्यायचा, आणि मधूनच एखादा प्रश्न विचारायचा. एकदा त्याने विचारलं, "तुझा तो दादा इतका जिवाभावाचा आहे, तर त्याचं घर कुठे आहे रे? त्याच्या आईला तू पाहिलंयस का?" मुलाने पाहिलं नव्हतं. त्याला दादाचं खरं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मुलगा रागावून निघून गेला. पण त्याने दादाला नाव विचारलं, आणि दादाने ते सांगितलं नाही. तिथून ओढ सैल व्हायला लागली. पटकन झालं नाही. मध्ये दोनदा तो परत तिकडे ओढला गेला. आज तो साधं आयुष्य जगतो आहे. त्याच्या हातून काही घडलं नाही, म्हणून त्याची बातमीही कधी झाली नाही.

मामा सगळ्यांना नसतो. म्हणून व्यवस्था लागते, आणि ती कशी असावी याचे धडे जगात आहेत, चांगले आणि वाईट दोन्ही.

आधी वाईट सांगते. १९७८ ते १९९५ या काळात अमेरिकेत एक माणूस टपालाने बॉम्ब पाठवत होता. तीन जण मेले, २३ जखमी झाले. सप्टेंबर १९९५ मध्ये त्याचा प्रदीर्घ जाहीरनामा वॉशिंग्टन पोस्टने छापला. आपल्या दिराचा यात हात असू शकेल, अशी शंका सर्वांत आधी लिंडा पॅट्रिक यांना आली होती. छापलेला मजकूर वाचताना त्यांचे पती डेव्हिड कझिन्स्की यांना त्यात आपल्या भावाची भाषा, त्याचे ठेवणीतले शब्द दिसू लागले. सतरा वर्षं तपास यंत्रणांना न सापडलेला माणूस भावाने वाक्यांवरून ओळखला. डेव्हिड यांनी वकिलामार्फत एफबीआयला कळवलं आणि आपलं नाव गुप्त राहील असं आश्वासन घेतलं. एप्रिल १९९६ मध्ये अटक झाली. थोड्याच काळात डेव्हिड यांचं नाव फुटलं आणि त्यांच्या घराबाहेर कॅमेरे उभे राहिले. पुढे सरकारी पक्षाने भावासाठी फाशीची मागणी केली. त्याने गुन्हा कबूल केल्यावर १९९८ मध्ये जन्मठेपेवर ते थांबलं. डेव्हिड यांनी मिळालेलं बक्षीस पीडितांच्या कुटुंबांना देण्याची व्यवस्था केली आणि पुढे फाशीच्या शिक्षेविरोधात काम केलं. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण हे सगळं वाचणाऱ्या दुसऱ्या एखाद्या भावाने काय बोध घ्यायचा? त्याला दिलेला शब्द पाळला जाईल, असं त्याने कशावरून मानायचं?

दुसरी गोष्ट नायजेरियातल्या एका वडिलांची. ते देशातले नावाजलेले बँकर होते. मुलगा येमेनला गेला होता आणि त्याच्या निरोपांचा सूर बदलला होता. नोव्हेंबर २००९ मध्ये हे वडील अबुजातल्या अमेरिकी दूतावासात स्वतः गेले आणि मुलाबद्दलची काळजी त्यांनी सांगितली. नाव एका मोठ्या यादीत गेलं, विमानात चढण्यास मनाई असलेल्यांच्या यादीत मात्र गेलं नाही. त्याच वर्षीच्या नाताळच्या दिवशी तो मुलगा अंतर्वस्त्रात स्फोटकं लपवून अॅमस्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात बसला. स्फोट नीट झाला नाही, प्रवाशांनी त्याला धरलं, म्हणून विमान वाचलं. एका बापाने पोटच्या मुलाविरुद्ध बोलण्याचं धाडस केलं आणि त्याची किंमत यादीतल्या एका ओळीएवढी ठरली.

आता जिथे मधली जागा तयार झाली, ते सांगते. जर्मनीत जानेवारी २०१२ पासून स्थलांतर आणि निर्वासितांच्या केंद्रीय कार्यालयात एक फोनसेवा आहे. आपलं मूल इस्लामी कट्टरतेकडे झुकतंय असं वाटणारे आईवडील, शिक्षक, मित्र तिथे फोन करतात. पुढचं काम 'हायात'सारख्या बिगरसरकारी संस्थांचे सल्लागार करतात. ते मुलाच्या मागे लागत नाहीत, आधी आईला उभं करतात. काय बोलायचं, काय टाळायचं, 'घराबाहेर हो' हे वाक्य कधीच का म्हणायचं नाही, मुलगा दूर गेला तरी फोनची तार तुटू कशी द्यायची नाही. गट मुलाला सांगत असतो की घरचे तुझे नाहीत, आणि चिडलेला बाप एका वाक्यात ते खरं करून दाखवतो. हे मी माझ्या खोलीत इतक्यांदा पाहिलंय की त्या सल्ल्यातलं शहाणपण मला कुणी पटवून द्यायची गरज नाही.

उजव्या अतिरेकी गटांसाठी जर्मनीत हे काम त्याहून जुनं आहे. 'एक्झिट-डॉइचलंड' २००० मध्ये सुरू झाली. संस्थापकांत बेर्न्ड वाग्नर हे माजी पोलिस अधिकारी आणि इंगो हासेलबाख हा एके काळचा नवनाझी पुढारी, दोघे एकत्र. पूर्वी एकमेकांसमोर उभी राहिली असती अशी ही माणसं एका टेबलाशी बसली, यातच त्या कामाची ताकद आहे. २०११ मध्ये त्यांनी गेरा शहरातल्या नवनाझींच्या संगीत महोत्सवात २५० टी-शर्ट फुकट वाटले. वर कवटी आणि झेंडे छापलेले, तिथल्या पोरांना आवडतील असे. घरी नेऊन धुतले की ते चित्र जायचं आणि खालचा मजकूर वर यायचा: जे तुझ्या टी-शर्टला जमलं ते तुलाही जमेल, आम्ही मदत करू. मला यातली जागा फार महत्त्वाची वाटते. तो निरोप गर्दीत, मित्रांच्या देखत दिला नाही. मुलगा घरी एकटा असताना, कुणाला दाखवायची गरज नसताना तो त्याच्यापर्यंत गेला. बाहेर पडण्याचा विचार माणूस एकटाच करतो.

डेन्मार्कमधलं ऑरहूस शहरही यासाठी ओळखलं जातं. तिथे पोलिस, पालिकेचे समाजकार्यकर्ते, शाळा एकत्र बसतात. प्रेबेन बर्टेल्सन या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाच्या मांडणीवर मार्गदर्शक मंडळी तयार केली गेली. एकेका मुलाला एक मोठा माणूस जोडून दिला जातो आणि तो त्याच्याशी शिक्षण, नोकरी, घर, नाती, अशा सगळ्यांवर बोलतो. २०१३ मध्ये या शहरातून सुमारे ३० जण तिथल्या युद्धात सामील व्हायला सीरियाकडे गेले होते. पुढच्या वर्षी ही संख्या बोटांवर मोजण्याइतकी झाली. त्याचं सगळं श्रेय एका योजनेला देणं बरोबर होणार नाही. पण परत आलेल्यांसाठीही तिथे दार उघडं होतं. ज्यांनी गुन्हा केला त्यांच्यावर खटला, इतरांना परत बसवण्यासाठी मदत. त्या वेळी बाकीचा युरोप पासपोर्ट रद्द करण्याच्या गोष्टी बोलत होता आणि या शहरावर 'अतिरेक्यांचे लाड' केल्याची टीका होत होती. मला ही टीका पटत नाही. ज्या तरुणाला परतीचा रस्ताच ठेवलेला नाही, तो पुढेच जाणार.

ब्रिटनचा अनुभव मात्र दोन्ही बाजूंनी शिकवणारा आहे. तिथे २०१५ च्या कायद्याने शिक्षक, डॉक्टर, पालिका कर्मचारी यांच्यावर कट्टरतेकडे ओढल्या जाणाऱ्यांना रोखण्याचं कर्तव्य आलं. पुढच्याच वर्षी तिथल्या मोठ्या शिक्षक संघटनेने अधिवेशनात या धोरणाविरोधात ठराव केला. शिक्षक म्हणत होते की मुलं आता वर्गात प्रश्न विचारायला घाबरतात. मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षात 'प्रिव्हेंट' या सरकारच्या प्रतिबंधक योजनेकडे ६,९२२ जणांची नावं गेली आणि त्यातली सुमारे ४० टक्के ११ ते १५ वयाची मुलं होती. एवढ्या नावांत खरा धोका कुठे दडलाय, हे कोण शोधणार? २९ जुलै २०२४ ला साउथपोर्टमध्ये नृत्यवर्गातल्या तीन लहान मुलींचा खून झाला. हल्लेखोराचं नाव २०१९ ते २०२१ दरम्यान तीनदा या योजनेकडे आलं होतं आणि तीनदा फाइल बंद झाली होती. नंतरच्या फेरतपासणीत म्हटलं गेलं की फाइल वेळेआधी बंद केली, त्याची ठाम अशी विचारसरणी दिसत नाही या मुद्द्यावर नको तितका भर दिला. आणि हल्ल्याच्या आठवडाभर आधी तो टॅक्सीने आपल्या जुन्या शाळेकडे निघाला असताना वडिलांनी बाहेर धावत येऊन चालकाला विनवणी केली होती, याला नेऊ नका.

ही शेवटची गोष्ट वाचून मला रात्रभर झोप लागली नव्हती. त्या तीन मुलींच्या आईवडिलांचं दुःख सगळ्यांत मोठं आहे, त्याच्याशी कशाचीच तुलना करत नाही. पण मी ज्या बाजूला काम करते तिथून मला तो रस्त्यावर उभा असलेला बापही दिसतो. त्याला काहीतरी कळलं होतं. त्या दिवशी त्याने टॅक्सी थांबवली. पुढच्या आठवड्यासाठी त्याच्याजवळ काय होतं?

हल्लीची मुलं कुठल्याही एका विचारसरणीच्या चौकटीत बसत नाहीत, हेही धोरण ठरवणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवं. एका मुलाच्या फोनमध्ये परस्परांचे शत्रू असलेल्या गटांचे व्हिडिओ शेजारी शेजारी सापडतात. त्याला हिंसेचंच आकर्षण असतं, कारण नंतर शोधलं जातं. ब्रिटनच्या एमआय-५ या गुप्तचर संस्थेचे प्रमुख केन मॅकॅलम यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं की दहशतवादाच्या संदर्भात ते ज्यांचा तपास करत आहेत, त्यातले १३ टक्के १८ वर्षांखालचे आहेत. 'कुठला गट' या प्रश्नापाशीच चौकशी थांबली तर अशी मुलं निसटणारच.

पोलिसांची गरजच नाही, असं मी अजिबात म्हणत नाही. हत्यार, ठिकाण, तारीख, माणसाचं नाव, यातलं काही कानावर आलं तर समुपदेशन वगैरे बाजूला ठेवून ताबडतोब पोलिसांना कळवायचं. हे मी प्रत्येक पालकाला पहिल्याच भेटीत सांगते, लेखी देते. लपवणं हे प्रेम नव्हे. पण त्या टप्प्याच्या आधी महिने, कधी वर्षं असतात, आणि त्या काळात आलेल्या आईला गुन्हेगाराची आई म्हणून वागवलं की पुढची आई येत नाही. सत्तेचा हात जिथे नको तितका जड पडतो तिथे काय होतं, हे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने आफ्रिकेत तपासलं आहे. २०१७ च्या त्यांच्या अभ्यासात, अतिरेकी गटांत स्वतःहून गेलेल्यांना नेमकं कशाने टोकाला नेलं असं विचारलं, तर ७१ टक्के लोकांनी सरकारी यंत्रणेच्या कृतीकडे बोट दाखवलं. घरातला कुणी किंवा मित्र मारला गेला, पकडून नेला गेला. २०२३ च्या पाठपुराव्यात स्वेच्छेने गेलेल्यांपैकी चौथाई लोकांनी मुख्य कारण म्हणून काम मिळण्याची आशा सांगितली, धर्म सांगणारे १७ टक्के होते. भाषणांतून जे कारण सर्वांत आधी सांगितलं जातं, ते इथे इतकं मागे आहे.

म्हणून माझं मागणं मोजकं आहे. पालकांना, शिक्षकांना, मित्रांना नाव न सांगता फोन करता येईल अशी एक जागा हवी. ती पोलिसांनी चालवू नये. तिथली माणसं प्रशिक्षित असावीत, आणि त्यांत अशा गटांतून बाहेर पडलेली माणसंही असावीत, कारण मुलांना त्यांचं ऐकावंसं वाटतं. कुठली माहिती कुठल्या परिस्थितीत पोलिसांना दिली जाईल हे फोन करणाऱ्याला पहिल्याच मिनिटाला स्वच्छ सांगितलं जावं, आणि दिलेला शब्द सरकार बदललं तरी मोडू नये. ती सगळ्या धर्मांच्या, सगळ्या झेंड्यांच्या मुलांसाठी एकच असावी. एका समाजासाठी वेगळा फोन ठेवला की तो फोन म्हणजे त्या समाजावरचा आरोप होतो आणि तिथे कुणीच फोन करत नाही. शिक्षकांना हेर बनवू नये. शिक्षकाने एवढं पाहावं की भर वर्गात कुणाचा अपमान झाला तर तो 'मस्करी' म्हणून मिटवला जाऊ नये. त्याने किती मुलं वाचतील हे कुठल्याच अहवालात मोजता येणार नाही, तरीही.

वर्तमानपत्रांकडेही एक-दोन मागण्या आहेत, आणि हे पत्र आपल्याला लिहिण्याचं खरं कारण तेच. क्राइस्टचर्चला १५ मार्च २०१९ रोजी एका हल्लेखोराने मशिदींवर केलेल्या गोळीबारात ५१ माणसं मारली गेली, तेव्हा न्यूझीलंडच्या तत्कालीन पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी संसदेत सांगितलं की त्या माणसाचं नाव त्या घेणार नाहीत. या पत्रात मीही कुठल्याच हल्लेखोराचं पहिलं नाव घेतलेलं नाही. आपणही पहिल्या पानावर त्यांचे मोठाले फोटो, त्यांच्या जाहीरनाम्यांतले उतारे छापू नयेत. पुढचा मुलगा ते कापून ठेवतो. आणि अटकेच्या दुसऱ्या दिवशी आरोपीच्या आईच्या दारात छायाचित्रकार पाठवू नका. तो फोटो इतर आया बघतात. आपण काही सांगितलं तर आपल्या दारातही हेच होणार, असं त्या मनाशी ठरवतात आणि बिलाच्या मागे लिहिलेली वाक्यं फाडून टाकतात.

आत्महत्येच्या बातमीखाली आता अनेक वर्तमानपत्रं मदतीचा क्रमांक छापतात. ती सवय लागायला वेळ लागला, पण लागली. अतिरेकी हिंसेच्या प्रत्येक बातमीखालीही, आपल्या मुलाबद्दल किंवा मित्राबद्दल काळजी वाटत असेल तर कुणाशी बोलावं, हे एका चौकटीत छापावं, आणि असा क्रमांक नसेल तिथे तो का नाही, हा प्रश्न आपण संबंधितांना जाहीरपणे विचारावा. प्रशिक्षण, पालकांशी बोलण्याची पद्धत, सुरुवातीचे प्रश्न, यासाठी माझ्यासारख्या समुपदेशकांची मदत लागली तर ती विनामोबदला देण्याची माझी तयारी आहे. माझा पत्ता आपल्या कार्यालयासाठी सोबतच्या कागदावर वेगळा दिला आहे.

आपली,
एक समुपदेशक

(माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांची ओळख जपण्यासाठी नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)